जनुक गप्प करताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सिकलसेलचा आजार घेऊन जन्मलेले मूल पहिले काही महिने ठणठणीत दिसते. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार किंवा मेळघाटात काम करणाऱ्या परिचारिकांना हे चांगले ठाऊक असते. मूल दूध पिते, बाळसे धरते. मग पाच-सहा महिन्यांचे झाले की हातापायांची बोटे सुजतात, ताप येतो, मूल रडून हैराण होते. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकू लागलेल्या असतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकू लागलेल्या असतात.

हे पहिले काही महिने सुखाचे का जातात, याचा अंदाज जॅनेट वॉटसन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४८ मध्ये बांधला होता. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तातले हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते. त्याला आपण गर्भाचे हिमोग्लोबिन म्हणू. सिकलसेलमधली चूक असते ती प्रौढ हिमोग्लोबिनच्या जनुकात, आणि तीही अवघ्या एका अक्षराची. गर्भाच्या हिमोग्लोबिनचे जनुक निराळे असते व ते निर्दोष असते. जन्मानंतर शरीर हळूहळू पहिले बनवणे थांबवते, दुसरे सुरू करते आणि बाळाचे कवच गळून पडते.

म्हणजे पाहा, या मुलांच्या पेशीपेशीत एक निर्दोष जनुक शाबूत आहे. फक्त त्याला कुणीतरी कुलूप घातले आहे. हे कुलूप घालणारा कोण, हा प्रश्न पुढे साठ वर्षे अनुत्तरित राहिला.

२००७-०८ च्या सुमारास एक धागा हाती लागला. काही माणसांच्या रक्तात मोठेपणीही गर्भाचे हिमोग्लोबिन थोडे जास्त टिकून असते. अशा आणि इतर माणसांच्या डीएनएची तुलना केली, तेव्हा फरक दुसऱ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाभोवती गोळा झालेले दिसले. त्या जनुकाचे नाव बीसीएल-११-ए. संशय बळावला. पण चोरीच्या वेळी संशयित त्याच गल्लीत दिसला, एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही. हे जनुक बंद करून पाहायला हवे आणि बंद केल्यावर कुलूप उघडते का, ते तपासायला हवे. जुन्या चाळीत मीटरच्या फळीवर वीस फ्यूज असतात आणि कशाचा संबंध कोणत्या खोलीशी, हे कुणीही लिहून ठेवलेले नसते. मग आपण काय करतो? एकेक फ्यूज काढतो आणि कुठे अंधार झाला ते बघतो. माणसाच्या पेशीत असे फ्यूज सुमारे वीस हजार आहेत.

फ्यूज काढायची युक्ती मात्र वैज्ञानिकांना बागेत सापडली. १९९० मध्ये अमेरिकेत रिचर्ड जॉर्गेन्सन आणि त्यांचे सहकारी पिटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग आणखी गडद करू पाहत होते. त्यासाठी रंगाच्या जनुकाची एक जादा प्रत त्यांनी झाडात घातली. फुले उमलली ती चक्क पांढरी, काही चट्ट्यापट्ट्यांची! जादा प्रत घातल्यामुळे मूळची प्रतही गप्प झाली होती. याचा उलगडा १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी केला. त्यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीवर प्रयोग केले. जनुकाची आज्ञा पेशीत पोहोचते ती आरएनए नावाच्या चिठ्ठीवरून. एरवी ही चिठ्ठी एकपदरी असते. त्याच मजकुराचा दुपदरी आरएनए पेशीत दिसला, की पेशी तो मजकूर संशयास्पद मानते आणि तसा मजकूर असलेल्या सगळ्या चिठ्ठ्या वेचून फाडते. जनुक जागच्या जागी राहते, पण त्याची आज्ञा पोहोचत नाही. दोघांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या पेशीत ही युक्ती जशीच्या तशी चालेना. लांबलचक दुपदरी आरएनए दिसला, की आपली पेशी समजते विषाणू घुसला; ती सगळेच कामकाज ठप्प करते आणि पुष्कळदा मरते. २००१ मध्ये जर्मनीत ग्योटिंगेन येथे थॉमस टुशल यांच्या गटाने दाखवले, की तुकडा आखूड म्हणजे २१ अक्षरांचा ठेवला, तर धोक्याची घंटा वाजत नाही आणि नेमके जनुक गप्प होते. पण आणखी एक अडचण होती. बाहेरून घातलेले तुकडे टिकत नाहीत. पेशी विभागत जातात तसे ते वाटले जातात, विरळ होतात आणि थोड्या दिवसांत परिणाम संपतो. शिवाय रक्ताच्या मूलपेशी, मेंदूच्या पेशी असले तुकडे सहजी आत घेतही नाहीत.

इथे विषाणूची आठवण होते. पेशीचे दार उघडून आपला मजकूर आत ठेवणे हा तर विषाणूचा पिढीजात धंदा. त्यातही एड्सचा एचआयव्ही वाकबगार. तो आपला मजकूर पेशीच्या डीएनएतच कायमचा शिवून टाकतो आणि विभागणी थांबलेल्या पेशींतही शिरतो. ज्या गुणांमुळे हा रोग इतका चिवट झाला, नेमके तेच गुण प्रयोगशाळेला हवे होते. १९९६ मध्ये लुइजी नाल्दिनी, डिडिए ट्रोनो आदींनी कॅलिफोर्नियात एचआयव्हीला नखे-दात काढून हमाल बनवले.

नखे-दात काढले म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखे आहे; कारण एचआयव्ही म्हटले की अंगावर काटा येतो. या विषाणूची एकूण जनुके नऊ. सुधारित पद्धतीत त्यांतली सहा टाकूनच दिली जातात. उरलेली तीन डीएनएच्या वेगळ्या तुकड्यांवर विभागून ठेवतात. विषाणूचे वरचे आवरणही बदलतात. त्याच्या जागी गुराढोरांना होणाऱ्या एका रोगाच्या विषाणूचे आवरण येते, कारण ते जवळजवळ कोणत्याही पेशीला चिकटते. ‘हे पाकिटात भरा’ अशी खूण मात्र फक्त आपल्याला हव्या त्या मजकुरावर असते, विषाणूच्या जनुकांवर नसते. त्यामुळे जो विषाणू तयार होतो, त्याच्या पोटात आपला निरोप असतो, स्वतःची पिल्ले घालायचे साहित्य नसते. एकदा पेशीत शिरला, निरोप ठेवला, की त्याचा वंश खुंटला. तरीही हे काम उघड्या टेबलावर करत नाहीत. हवा गाळणारी बंदिस्त पेटी, दुहेरी हातमोजे, वापरलेली प्रत्येक नळी जंतुनाशकात बुडवणे हे सारे पाळावे लागते. आणि तेच योग्य आहे.

प्रत्यक्ष काम आठवडाभराचे. विषाणू बनवायला लागतात २९३-टी नावाच्या पेशी. त्यांची मूळ पेशी १९७३ मध्ये हॉलंडमधल्या लायडन येथे तयार झाली आणि प्रयोगवहीतल्या २९३ व्या प्रयोगात ती साधली, म्हणून हा आकडा तिच्या नावाला कायमचा चिकटला. या पेशी प्लास्टिकच्या बशीत वाढवतात, दुसऱ्या दिवशी त्यांच्यात ते डीएनएचे तुकडे सोडतात आणि दोन दिवस थांबतात. पेशी विषाणू बनवून भोवतालच्या गुलाबी द्रावणात सोडत राहतात. ते द्रावण गाळून घेतले, की झाला आपला विषाणूंचा साठा. शून्याखाली ८० अंशांवर तो ठेवून देता येतो. मग ज्या पेशींवर प्रयोग करायचा, त्यांच्यावर तो घालायचा. सगळ्याच पेशींना विषाणू गाठत नाही. म्हणून निरोपासोबत प्युरोमायसिन या विषारी द्रव्याला तोंड देणारे एक जनुकही पाठवलेले असते. दोन दिवसांनी बशीत प्युरोमायसिन टाकले, की ज्यांना निरोप मिळाला नाही त्या पेशी मरतात. उरलेल्यांवर काम सुरू.

आणि निरोप तो कोणता? बायका अंबाड्यात खोचतात त्या आकड्याची आठवण करा. एकाच तारेचे दोन पाय, मध्ये वाक. विषाणूने शिवलेल्या मजकुरातून पेशी असाच आरएनएचा आकडा बनवते. त्याचे दोन पाय एकमेकांना जुळतात, म्हणजे तो दुपदरी झाला. डायसर नावाचे प्रथिन त्याचा वाक छाटून टाकते. उरलेल्या तुकड्याचा एक पदर आर्गोनॉट नावाचे दुसरे प्रथिन हाती धरते आणि त्या नमुन्याबरहुकूम चिठ्ठ्या शोधून कापत सुटते. डीएनएतच शिवलेला असल्यामुळे आकडा पेशीबरोबर तिच्या लेकी-नातींकडेही जातो. असे आकडे बनवण्याची सोपी रीत २००२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कर्करोग संस्थेतून आणि इतर काही प्रयोगशाळांतून आली. थोड्याच वर्षांत माणसाच्या हजारो जनुकांसाठी तयार आकड्यांचे संग्रह झाले. ग्रंथालयातून पुस्तक मागवावे तसा विषाणू मागवायचा!

अशा पद्धतीने जनुक पूर्ण बंद होत नाही, हेही सांगायला हवे. आवाज पुष्कळ खाली येतो, पण कुजबुज उरते. काही वेळा ते सोयीचेच असते. ज्या जनुकावाचून पेशी जगूच शकत नाही, त्याचा अभ्यास अर्धवट बंद करूनच होतो.

आता बीसीएल-११-ए कडे परत येऊ. २००८ मध्ये बोस्टन येथे स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन या तरुण संशोधकाने प्रौढ माणसांच्या, लाल पेशी होऊ घातलेल्या पेशी घेतल्या आणि त्यांच्यातले हे जनुक गप्प केले. त्यासाठी आखूड तुकडे वापरले, तसे विषाणूवाटे पाठवलेले आकडेही वापरले. प्रौढ पेशी गर्भाचे हिमोग्लोबिन भरपूर बनवू लागल्या. कुलूपवाला सापडला होता. २०११ मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांच्या लाल पेशींतून हे जनुक काढून टाकले, तेव्हा त्यांचा आजार हटला.

गोष्ट इथे संपवली तर ती फार गोड होईल. याच पद्धतीने सापडलेले किती तरी ‘कुलूपवाले’ पुढे निरपराध निघाले.

त्याचे कारण आर्गोनॉटच्या स्वभावात आहे. २१ अक्षरे तंतोतंत जुळली तरच चिठ्ठी फाडायची, असा काही त्याचा बाणा नाही. आरंभीची सहा-सात अक्षरे जुळली तरी तो चिठ्ठी अडवून धरतो. सात अक्षरांचे साम्य शेकडो चिठ्ठ्यांत सापडते. बाजारात ‘पाटील’ एवढीच हाक मारली तर किती जण वळून बघतील? २००३ मध्येच दाखवून दिले गेले होते, की एका जनुकासाठी बनवलेला तुकडा भलत्याच जनुकांचाही आवाज कमी करतो. चाळीतला फ्यूज काढताना शेजारच्या दोन तारा सैल व्हाव्यात, तसे हे. अंधार होतो, पण तो आपण काढलेल्या फ्यूजमुळेच झाला याची खात्री कोण देणार?

दुसरा धोका २००६ मध्ये उंदरांनी दाखवला. पेशी स्वतःही असले छोटे आरएनए बनवते आणि त्यांच्या मदतीने आपला कारभार चालवते. त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. हे छोटे आरएनए पेशीकेंद्रातून बाहेर पडतात ते ठरावीक दारानेच. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क के यांच्या गटाने दुसऱ्या एका निरुपद्रवी विषाणूवरून ४९ निरनिराळे आकडे उंदरांच्या यकृतात पाठवले. त्यांतल्या ३६ आकड्यांनी यकृताला इजा केली आणि २३ आकड्यांमुळे उंदीर दगावले. आकडे इतके भरमसाट बनत होते, की पेशीच्या स्वतःच्या मालाला बाहेर पडायला जागाच राहिली नाही. जत्रेच्या खास गाड्यांनी घाट तुंबला, की रोजच्या एसटीने जायचे कुठून? दोष विषाणूचा नव्हता, निरोपातल्या शब्दांचाही नव्हता. दोष अतिरेकाचा होता.

उंदरांचे नुकसान निदान डोळ्यांना दिसते. चुकीचा निष्कर्ष मात्र वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. मेल्क नावाच्या जनुकाचे उदाहरण घ्या. स्तनांच्या कर्करोगाच्या काही घातक प्रकारांत हे जनुक जोरात चालू असते. आकड्यांनी त्याला गप्प केले, तर कर्कपेशींची वाढ खुंटते, असे एकापेक्षा अधिक प्रयोगशाळांनी लिहिले. मेल्कला अडवणारे ओटीएस-१६७ हे औषध तयार झाले आणि रुग्णांवर त्याच्या चाचण्याही सुरू झाल्या.

कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे जेसन शेल्टझर यांच्या गटात ॲन लिन आणि ख्रिस्तोफर जुलियानो हे पदवीचे विद्यार्थी काम करत होते. त्यांनी मेल्क निवडले ते केवळ पडताळ्यासाठी, ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असे उदाहरण म्हणून. त्यांनी आकडा वापरला नाही. क्रिस्पर या नव्या कात्रीने जनुकच कापून निकामी केले. कर्कपेशी मजेत वाढत राहिल्या. पुन्हा केले, तेच. मग मेल्क नसलेल्या पेशींवर त्यांनी ते औषध घातले, आणि पेशी पूर्वीइतक्याच मेल्या. ज्याला मारायचे ते लक्ष्यच पेशीत नाही आणि तरी औषध मारतेच आहे. म्हणजे ते दुसऱ्याच कुणाला तरी मारत होते. हा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये याच गटाने कर्करोगावरची अशी दहा औषधे तपासली. त्यांची ठरवलेली सहा लक्ष्ये कर्कपेशींना आवश्यक नव्हतीच. यांतली काही औषधे तेव्हा रुग्णांना दिली जात होती.

औषधाची चाचणी म्हणजे कागदोपत्री आकडेमोड नव्हे. इतर उपाय थकलेला रुग्ण सही करतो, इस्पितळाच्या खेपा घालतो, दुष्परिणाम सोसतो. मुळातला प्रयोग नीट तपासलेला नसेल, तर त्याची किंमत हा माणूस मोजतो. औषध लागू पडले तरी कोणत्या रुग्णाला ते द्यावे हे कळत नाही, कारण ते कशावर काम करते हेच ठाऊक नसते.

म्हणून जाणते संशोधक आता एका आकड्यावर विसंबत नाहीत. एकाच जनुकासाठी वेगवेगळ्या मजकुरांचे तीन-चार आकडे वापरतात. सगळ्यांचा परिणाम एकसारखा आला तरच पुढे जातात. सोबत एक अर्थहीन मजकुराचा आकडा ठेवतात, म्हणजे नुसत्या विषाणूमुळे काय होते ते कळते. माझ्या मते सगळ्यांत पक्की परीक्षा परतफेडीची. जनुक गप्प करायचे, मग त्याच जनुकाची किंचित निराळ्या अक्षरांत लिहिलेली, आकड्याला ओळखू न येणारी प्रत पेशीला परत द्यायची. बिघाड दुरुस्त झाला तर दोष त्याच जनुकाचा. ही परीक्षा वेळखाऊ आहे आणि ती टाळण्याचा मोह फार होतो. क्रिस्परने पडताळा घेणेही आता रूढ झाले आहे. गंमत अशी, की क्रिस्परची कात्री पेशीत पोहोचवायला बहुधा तोच एचआयव्हीपासून बनवलेला हमाल वापरतात.

बीसीएल-११-ए चे जनुक या सगळ्या परीक्षांतून पार पडले होते. पण रुग्णाकडे जाताना त्यानेही एक धडा दिला. २०१६ मध्ये असे दिसले, की रक्ताच्या मूलपेशींतच ते गप्प केले तर त्या पेशी नीट रुजत नाहीत. त्यांना त्याची गरज असते. मग बोस्टनच्या संशोधकांनी आकड्याची घडण बदलली. पेशी स्वतः जसे छोटे आरएनए बनवते त्या साच्यात तो बसवला, आणि लाल पेशी घडत असतानाच तो बनेल अशी चावी त्याला लावली. घाट तुंबण्याचा प्रश्नही त्यामुळे हलका झाला. हा विषाणू सहा रुग्णांच्या मूलपेशींवर शरीराबाहेर वापरून त्या पेशी त्यांना परत दिल्या गेल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सहाही जणांत गर्भाचे हिमोग्लोबिन सुमारे २० ते ४१ टक्क्यांपर्यंत पोहोचले आणि आजाराचा त्रास कमी झाला किंवा थांबला.

बाजारात पहिले आले ते मात्र याच जनुकावरचे क्रिस्परचे उपचार. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने त्यांना मान्यता दिली. तेही जनुक सरसकट तोडत नाहीत. लाल पेशींत ते चालू ठेवणारे बटण तेवढे कापतात. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. त्याआधी अस्थिमज्जा रिकामी करणारी जबर केमोथेरपी घ्यावी लागते. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जिनॉमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजीत सिकलसेलसाठी देशी क्रिस्परचे काम झाले आहे.

धडगावच्या किंवा एटापल्लीच्या मुलाला आज मिळू शकते ती हायड्रॉक्सियुरियाची साधी गोळी. तीही गर्भाचे हिमोग्लोबिनच वाढवते. पण कुणात किती वाढेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून रक्त वारंवार तपासावे लागते. बीसीएल-११-ए ला गोळीनेच आवरता येईल का, याचा शोध प्रयोगशाळांत चालू आहे. हे प्रथिन कुणाकुणाच्या मदतीने कुलूप लावते, ते पाहण्यासाठी त्याच्या साथीदारांना एकेक करून गप्प केले जात आहे.